रेडीमेड आणि आयतं

'रेडीमेड आहे का?' या प्रश्नाचा अर्थ तो कोण कुणाला विचारतंय यावर ठरतो. सीताबर्डीच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं तेव्हा ती निव्वळ सोय असते. परवा लग्न आहे, कापड घेऊन टेलरकडे टाकायला वेळ नाही, लगेच अंगात घालता येईल असं काहीतरी दाखवा. हाच प्रश्न दिवाळीत, चकलीचा तुकडा तोंडात असताना, एखादे काका घरातल्या सुनेला विचारतात तेव्हा तो आरोप असतो. उत्तर 'हो' आलं तर काका पुढे काही बोलत नाहीत, फक्त 'हं' म्हणतात. त्या 'हं'मध्ये अख्खं नीतिशास्त्र असतं. घरी केलेलं ते खरं, बाहेरून आणलेलं ते दुय्यम, आणि आणणारी आळशी.

मला या 'हं'चा नीट विचार करायचा आहे. कारण आपल्या पिढीचं जवळजवळ सगळं आयुष्य रेडीमेड गोष्टींवर चाललंय. कपडे, दळलेलं पीठ, मसाल्याची पाकिटं, ॲपवरून दारात येणारं जेवण, आणि आता तर एका ओळीच्या सूचनेवर फोन लिहून देतो ती पत्रंसुद्धा. यात काही चुकतंय का? चुकत असेल तर नेमकं काय?

सुरुवात शब्दांपासून करू. जी वस्तू आपण केली नाही, पण आपल्याला पूर्ण झालेली मिळाली, तिच्यासाठी मराठीत निदान चार शब्द आहेत: तयार, विकतचं, आयतं आणि रेडीमेड. चारही शब्द एकाच चकलीला लावता येतात, पण प्रत्येक शब्द वेगळ्या बाजूला बोट दाखवतो.

'तयार'मध्ये काम दिसतं. स्वयंपाक तयार आहे म्हणजे कुणीतरी तो केला. 'तयारीचा गळा' म्हटलं की गवयाची वर्षानुवर्षांची मेहनत डोळ्यांपुढे येते. 'विकतचं'मध्ये पैसा दिसतो. 'आयतं'मध्ये घेणारा दिसतो, आणि तो काही फार चांगला दिसत नाही. आयतोबा, आयत्या बिळावरचा नागोबा, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा. या बोलण्यांत वस्तूला कुणी नावं ठेवत नाही. बीळ चांगलंच आहे, पीठही चांगलं आहे. टोमणा बसतो तो घेणाऱ्याला.

'रेडीमेड'मध्ये यातलं काहीच दिसत नाही. इंग्रजीतून येताना या शब्दाने 'केलेलं' एवढं सोबत आणलं, कुणी केलेलं ते मागेच राहिलं. मराठी कानाला तर त्यातलं 'केलेलं'ही ऐकू येत नाही. 'रेडीमेड' हा एकच सलग आवाज होऊन बसला आहे. शर्ट जणू हँगरवरच उगवला. कापूस वेचणारी नाही, सूत काढणारा नाही, काज-बटण करणारी नाही. म्हणून मी रेडीमेडची व्याख्या अशी करतो: जिचा करणारा दिसत नाही ती वस्तू. आणि माझ्या मते नैतिक प्रश्न वस्तू बाहेरून आणण्यात नाही, या न दिसण्यात आहे.

पुन्हा चकलीकडे बघा. दिवाळी जवळ आली की बचत गटांतल्या बाया फराळाच्या ऑर्डरी घेतात. भाजणी भाजतात, दळून आणतात, सोऱ्याने चकल्या पाडतात, कढईसमोर दुपारच्या दुपार काढतात. यात कुठेही कारखाना नाही. घरातली बाई करते तेच, तसंच काम. पण ती चकली डब्यात भरून दुसऱ्या घराचा उंबरा ओलांडून आत आली की रेडीमेड होते. हात तसेच, सोऱ्या तसाच, फक्त दार बदललं. म्हणजे रेडीमेड असणं हा चकलीचा गुण नाही. आपण उंबऱ्याच्या कुठल्या बाजूने तिच्याकडे बघतो, त्यावर ते ठरतं.

हे लक्षात आलं की काकांच्या 'हं'चं काही खरं राहत नाही. कारण काकांना चकली जन्मभर रेडीमेडच मिळत आली आहे. आधी आईने केलेली, मग बायकोने, आता सुनेने. भाजणीत धणे किती, जिरं किती, हे त्यांना कधी ठाऊक नव्हतं. माझी मामी हे दोन वाक्यांत सांगते: "तुह्या मामाले त पहिल्या दिवसापासून सगळंच रेडीमेड हाय ना बाप्पा. मंग आम्ही एक डबा आणला त काहून दुखते?"

मामीच्या बोलण्यात एक गोष्ट नेमकी सापडते. ज्याला आपण कौतुकाने 'घरचं' म्हणतो, तो शब्दही करणारीला झाकतोच. घर काही स्वयंपाक करत नाही. 'घरचं जेवण' म्हणताना आपण भिंतींना श्रेय देतो आणि ओट्याजवळ उभ्या असलेल्या बाईचं नाव गाळतो. तेव्हा रेडीमेड विरुद्ध घरचं हा सामना मला खोटा वाटतो. दोन्हीकडे करणारी अदृश्यच आहे. एकीकडे तिला निदान पैसे मिळतात.

हे न दिसणं एका घरापुरतं नाही. नागपूर शहराच्या इतिहासातही ते दिसतं. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची कापड गिरणी इथे सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल. मुंबई सोडून नागपूर निवडायचं एक साधं कारण होतं: कापूस इथल्याच रानात पिकत होता आणि रेल्वे येऊन पोचली होती. पुढे सव्वाशे वर्षं या गिरणीने सूत काढलं, कापड विणलं, हजारो घरं चालवली. २००२ साली ती बंद झाली. आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी नावाचा मॉल आहे. जिथे कापड बनत होतं तिथे आता शिवून आलेले कपडे विकले जातात. जागा तीच, नाव जवळजवळ तेच, पण विणणारा त्या चित्रातून निघून गेला. आता तिथे फक्त घेणारा उरला आहे.

पण गिरणीबद्दल हळवं होताना तिच्याही आधीच्या माणसांना विसरायला नको. गिरणी यायच्या कितीतरी आधीपासून नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा या पट्ट्यात हातमागाचा कसब होता. हलबा कोष्टी विणकरांची लुगडी आणि धोतरं नावाजलेली होती. त्यांच्या दृष्टीने गिरणीचं स्वस्त कापड हेच पहिलं रेडीमेड. एका घराच्या मागावर तयार होणाऱ्या लुगड्याला त्याने बाजारात मागे सारलं. याच समाजाचं झणझणीत जेवण आज आपण सावजी म्हणून ओळखतो. माग मंदावल्यावर त्यांतल्या काही घरांनी खानावळी टाकल्या असं नागपुरात सांगितलं जातं. आणि आता सावजी मसालाही पाकिटात मिळतो. मागावरून चुलीवर, चुलीवरून पाकिटात. प्रत्येक टप्प्यावर ओळखीचा कुणीतरी माणूस एका अनोळखी वस्तूमागे गेला.

मग यावर उपाय काय? सगळं स्वतः करावं? नागपूरकराला या प्रश्नाची दोन उत्तरं शोधायला लांब जावं लागत नाही. एक उत्तर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे, दुसरं शहराच्या मधोमध.

पहिलं उत्तर सेवाग्रामचं. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. आश्रमाच्या व्रतांत शरीरश्रमाचं व्रत होतं. गीतेतल्या यज्ञाचा अर्थ त्यांनी शरीरश्रम असा लावला होता आणि त्यातून सरळ निष्कर्ष काढला होता: जो अंग न मोडता खातो तो चोरीचं खातो. जवळच पवनारला विनोबांनी १९५० साली कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाला फाटा द्यायचा आणि स्वतःच्या कष्टावर पिकवून खायचं. हा 'आयतं' या शब्दातल्या टोमण्याचाच पूर्ण वाढलेला विचार आहे. यातली ताकद मला मान्य आहे. स्वतः दोन दिवस टकळी फिरवली की कापडाकडे बघायची नजर बदलते. हातभर सुतासाठी किती वेळ जातो ते बोटांना कळतं.

दुसरं उत्तर आंबेडकरांचं, आणि ते मला अधिक अस्वस्थ करतं. हाताने केलेल्या, ओळखीच्या माणसाने केलेल्या वस्तूंचं ते जुनं गाव खरंच इतकं चांगलं होतं का? आंबेडकरांनी आपल्या साताऱ्यातल्या लहानपणाबद्दल लिहून ठेवलं आहे की त्यांचे केस त्यांची मोठी बहीण कापायची. गावात न्हावी होता, त्याला द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याचे केस कापायला कुणी न्हावी तयार नव्हता. त्या गावात प्रत्येक वस्तूचा आणि सेवेचा करणारा अगदी स्पष्ट दिसत होता. कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, सगळे नावानिशी आणि जातीनिशी माहीत होते. ती माहितीच त्यांना जागच्या जागी खिळवून ठेवायला वापरली जात होती. म्हणून १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात आंबेडकरांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवून फुरसत द्यायची असेल तर यंत्राशिवाय मार्ग नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या फक्त शरीरश्रमच आला, त्याला शरीरश्रमाचं व्रत सांगण्यात काय अर्थ?

या बाजूने बघितलं तर रेडीमेडचा अनोळखीपणा ही एक सुटका आहे. रॅकवरच्या शर्टाला तुमचं आडनाव ठाऊक नसतं. दुकानदाराला ते जाणून घ्यायचं असेलही, पण किमतीचं लेबल सगळ्यांसाठी एकच असतं. कुणी माप घेताना हात आखडत नाही. आधीच शिवून ठेवलेल्या मापात स्वतःला कोंबावं लागतं ही रेडीमेड कपड्याची जुनी तक्रार आहे. पण या देशात त्याहून कितीतरी जुनं एक तयार माप होतं, ते म्हणजे जात. जन्मताच अंगावर चढवलेलं, आणि घट्ट होतंय म्हणून उसवायची परवानगी नसलेलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी ते माप उतरवून ठेवलं. आणि त्या दिवशी नवा धर्म स्वीकारतानाही आंबेडकरांनी तो जसाच्या तसा दिला नाही, २२ प्रतिज्ञा स्वतः घडवून दिल्या.

या दोघांना शेजारी ठेवल्यावर माझं आधीचं म्हणणं थोडं दुरुस्त करावं लागतं. करणारा नुसता दिसून भागत नाही. जुन्या गावात तो दिसतच होता. तो बरोबरीचा म्हणून दिसायला हवा. त्याला नाव हवं, हिशेबाने मोबदला हवा, आणि 'नाही, आज जमणार नाही' म्हणायचा हक्क हवा.

तो हक्क नसला की काय होतं, हे जगाने ढाक्याजवळ पाहिलं. बांगलादेशातल्या त्या उद्योगाचं अधिकृत नावच 'रेडीमेड गारमेंट्स' आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात कपडे शिवण्याचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. तरी सकाळी कामगारांना आत जावं लागलं. ११०० हून अधिक माणसं मेली, त्यांत बहुतेक बाया. नंतर ढिगाऱ्यात लोक कपड्यांची लेबलं शोधत होते, कारण तिथे कोणत्या कंपन्यांचा माल शिवला जात होता हे त्या चिंध्यांवरूनच सिद्ध करता येणार होतं. तुमच्या अंगातल्या शर्टाचं लेबल एकदा काढून वाचा. कंपनी असते, माप असतं, धुण्याच्या सूचना असतात, देशाचं नावही असतं. माणसाचं नाव नसतं.

कलेच्या इतिहासातही हा शब्द असाच आला आहे. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्युशाँ या कलावंताने मुताऱ्यांत बसवतात तसलं चिनी मातीचं एक भांडं विकत आणलं, त्यावर 'आर. मट' अशी बनावट सही केली आणि प्रदर्शनात पाठवलं. अशा वस्तूंना तो 'रेडीमेड'च म्हणायचा. कला म्हणजे करणं की निवडणं, हा त्याचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही कलामहाविद्यालयांत चर्चेला येतो. पण त्या सगळ्या चर्चेत ते भांडं भट्टीतून काढणारा कामगार कोण होता, हे सहसा कुणी विचारत नाही. वस्तूवर सही आली, तीही निवडणाऱ्याची.

आता सगळ्यात अवघड भाग, शब्दांचा. ग्रुपवर कुणाच्या वडलांच्या निधनाची बातमी येते आणि 'भाव' एवढं टाइप करताच कीबोर्ड 'भावपूर्ण श्रद्धांजली' पुढे करतो. चाळीस जण तेच पाठवतात. यावर हसणं सोपं आहे. मी हसत नाही, कारण भाषा तर सगळीच आयती आहे. 'आई' हा शब्द आपण बनवलेला नाही. सांत्वनाची ठरलेली वाक्यं, लग्नपत्रिकेचा ठरलेला मजकूर, आरतीचे ठरलेले शब्द हे सगळं ज्या दिवशी आपल्याला स्वतःचं काही सुचत नाही त्या दिवसासाठी कुणीतरी करून ठेवलेलं असतं. फोन लिहून देतो ते पत्रही हवेतून येत नाही. असंख्य माणसांनी आधी लिहून ठेवलेल्या वाक्यांच्या जोरावर ते उमटतं. तयार शब्द वापरण्यात पाप नाही. प्रश्न एवढाच की ते पाठवल्यावर आपलं काम संपलं असं वाटतं, की सुरू झालं असं वाटतं.

आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे, डबा घेऊन येतात. पिठलं, भात, भाकरी. त्या घरातली माणसं ते आयतंच खातात आणि त्यांना कुणी आयतोबा म्हणत नाही. कारण करणारी व्यक्ती दारात उभी असते. 'थोडं खाऊन घ्या हो काकू' म्हणते. उद्या तिच्या घरी अशी वेळ आली तर डबा उलट दिशेने जाणार आहे, हे दोघींनाही ठाऊक असतं. म्हणजे आयतं घेण्यात मुळात लाज नाही. परतीची वाट बंद झाली की तो घेणारा आयतोबा होतो.

काकांच्या 'हं'बद्दल मला जे सांगायचं होतं ते एवढंच. 'रेडीमेड' हा शब्द वस्तूसाठी खुशाल वापरू. चकली, शर्ट, मसाला, सगळं विकत आणू. ज्या बाईचा वेळ त्यातून वाचतो तिचा तो हक्काचा आहे. पण 'आयतं' हा शब्द दुसऱ्याला टोचायला न वापरता स्वतःला विचारण्यासाठी राखून ठेवू. हे कुणी केलं? त्याला त्याचं मिळालं का? माझ्याकडून त्याच्याकडे काही परत जातं का? बचत गटाच्या ताईंशी किलोमागे वीस रुपयांची घासाघीस करताना हे प्रश्न आठवायला हवेत. नव्या पॅन्टची लांबी कमी करून देणाऱ्या, जिन्याखाली मशीन टाकून बसलेल्या मास्तरांचे पैसे देताना आठवायला हवेत. आणि सेलमध्ये दोनशे रुपयांत टी-शर्ट मिळतो तेव्हा, एवढ्यात वेचणारीला काय मिळालं असेल आणि शिवणारीला काय, हेही.

शेजारून आलेला डबा रिकामा परत देऊ नये, अशी आपल्या घरांमधली जुनी रीत आहे. दुसरं काही नसलं तर त्यात चमचाभर साखर घालून देतात. साखर ही काही चकलीची किंमत नसते. डबा तुमच्याकडून आला होता हे आमच्या लक्षात आहे, एवढंच ती सांगते. ॲपवरून आलेलं खोकं आपण कचऱ्यात टाकतो, त्यावर परतीचा पत्ता असला तरी तो कंपनीच्या गोदामाचा असतो. त्या खोक्यात साखर कशी घालायची, हे आपल्या पिढीला अजून शोधून काढायचं आहे.